लेकीच्या घरचं पाणी

आबा माझ्या घरी राहायला आले ते पाण्याचे दोन कॅन घेऊन. वीस-वीस लिटरचे, निळे, झाकणाखाली फडकं घालून घट्ट बसवलेले. आबा म्हणजे माझे वडील. वय ऐंशीच्या आसपास, नक्की साल त्यांनाही माहीत नाही. आटपाडीकडच्या आमच्या गावात शेळ्यांमागे जाताना ते घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि कराडच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, दर आठवड्याला दाखवायला आणा. एवढ्या लांबून दर आठवड्याला कोण आणणार? भाऊ फौजेत, तिकडे लांब बर्फात. आई जाऊन सहा वर्षं झालेली. तेव्हा दीड महिना त्यांनी माझ्याकडे, कराडला लागूनच असलेल्या मलकापुरात राहायचं ठरलं. आबांनी दवाखान्याच्या खाटेवरूनच गावाकडे निरोप धाडला आणि कराडला येणाऱ्या डाळिंबाच्या गाडीतून आपल्या विहिरीचं पाणी मागवून घेतलं.

माझ्या नवऱ्याने ते कॅन दोन मजले वर चढवले, स्वयंपाकघरात ठेवले आणि कमरेवर हात देऊन उभा राहिला. आमच्या मलकापुरात नळाला चोवीस तास पाणी असतं. बाहेरगावचे पाहुणे येतात तेव्हा आम्ही मोठ्या तोऱ्यात नळ सोडून दाखवतो.

"टँकरच्या गावातनं चोवीस तास पाण्याच्या गावात पाणी आलं," नवरा म्हणाला. "पेपरात द्यायला पाहिजे."

मला हसू आलं नाही. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. बहुतेकांच्या घरी ती वर्षा-दोन वर्षांत आपोआप संपते. बारशाला बाप येतो, पोटभर जेवतो, ढेकर देतो आणि विषय मिटतो. मला मूल झालं नाही, त्यामुळे माझ्या घरात ती रीत पंचवीस वर्षं चालू राहिली.

त्या पंचवीस वर्षांत आबा माझ्याकडे पुष्कळदा येऊन गेले. ज्वारी आणायचे, हुलगे आणायचे, तुपाचा डबा आणायचे. रिकाम्या हाताने कधी आले नाहीत. मी सवयीने तांब्या पुढे करायची, ते त्याला बोट लावून बाजूला सरकवायचे. घटकाभर बसायचे आणि "जातो बाई" म्हणून खाली उतरायचे. मी गॅलरीतून बघत उभी असायची. समोरच्या टपरीवर ते घटाघटा पाणी प्यायचे, मग चहा प्यायचे, मग धोतराच्या सोग्याने तोंड पुसून स्टँडचा रस्ता धरायचे. सासरच्या बायका वर्षानुवर्षं बोलल्या, त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. पण टेबलावर तसाच राहिलेला तो तांब्या मोरीत ओतताना मला दर वेळी आबांचा भयंकर राग यायचा. घर माझं, नळ माझा, आणि माझ्या बापाला दाखवायला काय मिळतं, तर माझी रिकामी ओटी.

तेव्हा पडून राहायला का होईना, आबा माझ्या घरी येताहेत याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो घोर.

आबांचे नियम त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. पीठ गावचं, पण भाकरीचं पीठ मळायचं ते त्यांच्या कॅनमधल्या पाण्यानं. चहा त्यांच्या पाण्याचा. आमटी नको, कालवण नको, ताक नको, कारण त्यात माझ्या घरचं पाणी. खर्डा चालेल, शेंगदाण्याची चटणी चालेल, दही चालेल. फळं चालतील. फळात पाणी असतंच की, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "त्ये द्येवानं घातल्यालं, तू न्हाई."

दोन कॅन पुढची गाडी येईपर्यंत पुरवायचे होते. भाकरी, चहा आणि हात धुण्यात बरंच पाणी जायचं. उरलेल्यातून आबा दिवसाला एक तांब्या प्यायचे, तोही घोट घोट मोजून. जन्मभर मेंढरांमागे हिंडलेला माणूस, त्याला कमी पाण्याची सवयच. कोरडी भाकरी, खर्डा, तांब्याभर पाणी आणि दिवसभर गादीवर पडून राहणं. त्यात दुखण्याच्या गोळ्या आणि रक्तवाढीच्या गोळ्या, दोन्ही पोट आवळणाऱ्या. दवाखान्यात ते पाणी मोकळेपणाने पीत होते, कारण दवाखाना काही कुणाच्या लेकीचं घर नव्हे. माझ्या घरी आल्यावर चार दिवस झाले तरी त्यांना परसाकडला झालं नाही.

आबा हे मला सांगणार नव्हते. मला कळलं ते कमोडची खुर्ची रोज स्वच्छच निघते म्हणून. विचारलं तर भिंतीकडे बघत म्हणाले, "व्हईल की. त्येला काय घाई हाय."

पाचव्या दिवशी दाखवायला नेलं तेव्हा मी डॉक्टरांना सांगून टाकलं. डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाच्या, बोलायला लाघवी. त्यांनी इसबगोल लिहून दिलं आणि मला समोर बसवून लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. दोन चमचे पावडर मोठ्या ग्लासभर पाण्यात ढवळायची आणि लगेच प्यायची, थांबलं की ती घट्ट होते. त्यावर आणखी एक ग्लास पाणी प्यायचं. दिवसभरात आठ-दहा ग्लास तरी पोटात जायला हवेत. ताक द्या, पातळ आमटी द्या, मुगाचं कढण द्या, पालेभाजी द्या, पपई-पेरू द्या. चहा दोनच कप. तिखट कमी.

"आणि एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "ही पावडर पाण्याशिवाय अजिबात द्यायची नाही. ती पाणी पिऊन फुगते. पाणी नसेल तर आतच अडकून बसते. कळलं ना आजोबा?"

आबा शहाण्यासारखे मान हलवत होते. मीही हलवली. पाण्याचंच आमच्या घरी सगळं अडलंय, हे मी त्यांना सांगू शकले असते. पण कसं सांगणार? मग का, म्हणून विचारलं असतं आणि त्या का-चं उत्तर मी होते.

घरी आल्यावर मी ग्लासात कॅनमधलं पाणी ओतलं. आबांनी ते बघितलं आणि ग्लास हातातून काढून घेतला. "येवडं पानी एका औशदाला?" म्हणाले. पावडर तळहातावर घेतली, मान मागे टाकून चूर्णाची मारावी तशी फक्की मारली आणि वर एक घोट पाणी घेतलं. उरलेलं पाणी परत कॅनमध्ये ओतायला सांगितलं.

"आबा, आत्ताच त्या बाईंनी काय सांगितलं? पान्याशिवाय घ्यायचं न्हाई."

"घ्येतलं की पानी."

"त्ये एक घोट झालं."

"जन्मभर चूर्न असंच खाल्लंय म्या. तुज्या डाक्टरीनबाई काल जन्मल्यात."

पुढच्या आठ दिवसांत मी काय काय करून पाहिलं ते आठवलं तरी मला माझीच कीव येते. कॅन रिकामे व्हायला लागले तेव्हा मी नळाचं पाणी गुपचूप त्यात भरलं. आबांनी पहिला घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि तांब्या खाली ठेवला. "ह्ये आपलं न्हाई." आमच्या गावचं पाणी जरा मचूळ आहे, मलकापूरचं गोड. मग नवऱ्याने डोकं चालवलं, मीठ टाक म्हणाला. मी चिमूटभर टाकलं, ढवळलं, चाखलं, मला तरी गावासारखं लागलं. आबांनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघून हसले. "बाई, मीट लय झालं." ते हसले म्हणून मला जास्त लाज वाटली. पन्नाशी ओलांडलेली बाई बापाच्या पाण्यात मीठ कालवते, हे कुणाला सांगायचं?

नवऱ्याने बाटल्यांचा खोका आणला. आबांनी विचारलं, "ह्ये कुनी आनलं?"

"मी आणलं, आबा."

"मंजी तुमच्याच घरचं की, पावणं."

"मग तुमच्या पैशानं आणतो."

"पानी इकत घिऊन पिऊ व्हय आता? इतकं का वाईट दीस आल्यात?" आबांनी विषय संपवला. नवरा माझ्याकडे बघून हात उडवत आत गेला.

गावाकडून जादा कॅन मागवले तर त्यांचा संताप झाला. तिकडे टँकर तीन दिवसांनी यायचा, विहिरीत फक्त तळाला पाणी होतं. "तितं बाया कळशी घिऊन रांगंत हुब्या हायत, आन मी इतं पालता पडून त्येंचं पानी पिऊ?" म्हणाले. मी हुलग्याचं माडगं केलं. त्यांच्या लहानपणापासूनचं, आजारपणात हमखास दिलं जाणारं, जिरं-लसूण घातलेलं पातळ पेय. पाणी अर्थात त्यांच्याच कॅनमधलं. ते ओरपून प्याले, मला वाटलं जिंकले. मग कळलं, माडग्यात तांब्याभर पाणी गेलं म्हणून त्या दिवशी त्यांनी बाकीचं पाणीच प्यायलं नाही.

पपई दिली, पेरू दिले, तासगावचे बेदाणे दिले. बेदाणे भिजवायला पाणी लागतं, म्हणून कोरडेच चावून खाल्ले. रात्रीच्या दुधात चमचाभर तूप घातलं. दूध त्यांना चालायचं, पण अर्ध्या कपाच्या वर घेतलं की पोट फुगायचं, शिवाय पिशवीच्या दुधात कुणाच्या नळाचं पाणी असेल याची त्यांना शंका. फळांनी तोंड ओलं झालं, पुढे काही सरकलं नाही. आणि सकाळ-संध्याकाळ ती फक्की चालूच. दडवून ठेवलं तर म्हणायचे, "बाईंनी दिल्यालं औशद बंद करतीस? बरं व्हायाला नको व्हय मला?"

भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तू जरा दमात घे की त्यांना." सहाशे कोसांवरून असं बोलायला काय जातं? दमात घेऊन मेंढरं वळतात. आमच्याकडे मेंढरू पाणी पीत नसलं तर दोघं धरतात आणि बांबूच्या नळीने घशात सोडतात. आबांनी शेकडो मेंढरांना तसं पाजलेलं मी पाहिलंय. बापाला कोण धरणार?

दिवसातून चार वेळा मी त्यांच्या खाटेपाशी पाणी घेऊन जायची आणि चार वेळा ते परत आणायची. नळ सोडला की धो धो पाणी यायचं आणि त्या आवाजाने मला रडू फुटायचं. आठ दिवस असेच गेले. नवव्या दिवशी सकाळी आबांनी भाकरी बाजूला सारली. पोट टणक झालं होतं, कण्हत होते, एकदा उलटीही झाली. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, फोटो काढला आणि नर्सला एनिमा द्यायला सांगितलं. मी पडद्याबाहेर उभी होते. ज्या माणसाने मला कधी उघड्या अंगानेसुद्धा दर्शन दिलं नव्हतं, तो आत परक्या बायकांच्या हातात होता. एकदाही ओरडला नाही. फक्त मध्येच म्हणाला, "बास, माज्या आयांनो, बास." मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं.

नंतर डॉक्टरांनी मला टेबलासमोर बसवलं. या वेळी लाघवीपणा नव्हता.

"पाणी देताय का त्यांना तुम्ही?"

मी आबांच्या खाटेकडे बघितलं.

"हे बघा, आज थोडं मोकळं झालंय. पण आत अजून आहे, आणि पावडर तशीच गोळा होऊन बसलीये. त्यांनी पाणी प्यायलं नाही आणि आतडं अडकलं तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल. या वयात, एका ऑपरेशननंतर तीन आठवड्यांत दुसरं. मी खात्री देणार नाही. घरात म्हातारं माणूस असलं की पाण्याकडे तरी लक्ष द्यावं माणसाने."

आबा शेजारच्या खाटेवर डोळे मिटून पडले होते. ते जागे होते, मला माहीत आहे. त्यांनी मला बोलणी खाऊ दिली.

घरी येईपर्यंत माझं डोकं तापलं होतं. त्यांना गादीवर निजवलं, नवरा कामावर निघून गेला, आणि मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. उन्हाचा तडाखा होता, पंखा गरम वारा टाकत होता.

"आबा, आज खरं सांगा. लोकं काय म्हनतील म्हनून पीत न्हाई ना तुमी? कोन बघाय येतंय इतं? कोन सांगनार हाय गावात?"

"लोकांचं काय न्हाई बाई," ते म्हणाले. "लोकांसाठी म्या कवा काय क्येलंय?"

"मंग रीत म्हनून? त्या रितीपायी मरायचं? माजी ओटी रिकामी हाय ह्ये मला ठाव हाय, आबा. रोज तांब्या परत करून दाखवायची गरज न्हाई."

पंचवीस वर्षं तोंडात धरलेलं वाक्य बाहेर पडलं. आबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खरोखरच कळत नव्हतं मी काय म्हणतेय ते. मग एकदम कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तुला तसं वाटायचं व्हय गं?"

"मंग काय वाटनार?"

आबा हात चादरीवरून फिरवत राहिले. मग हळूहळू सांगायला लागले. माझं दुसऱ्यांदा पोट पडलं, त्या वर्षाची गोष्ट. आईने सोमवार धरले, गुरुवार धरले. आबा आरेवाडीला बिरोबाकडे गेले.

"मेंढरामागं हिंडनाऱ्याला उपास झ्येपत न्हाई. म्या काय धरनार? म्हनलं, द्येवा, माज्या लेकीच्या घरात पाळना हलला की तितलं पानी पोटभर पिईन. तवर थेंब न्हाई. रीतबीत काय न्हाई बाई. रीत तर कवाच मोडली आसती. तुज्या आत्यांच्या घरी आमचा म्हातारा पैल्या दिवशीपास्नं ज्येवायचा." ते थांबले. "आता मधीच प्यालो तर द्येव काय म्हनंल? म्हनंल, ह्येनंच आशा सोडली. मंग मी कशाला बगू."

मी ऐकत होते आणि अंगातला सगळा राग कुठे जातोय ते मला कळत नव्हतं. सांगलीच्या डॉक्टरांकडे आम्ही तीन वर्षं खेटे घातले आणि मग बंद केलं. घेऊन ठेवलेली झबली-टोपडी मी जावेच्या नातवाला देऊन टाकली. नवऱ्याने आणि मी त्यावर बोलणंही सोडून दिलं. आई शेवटी शेवटी म्हणायची, जाऊ दे, तुम्ही दोघं सुखी आहात ना. सगळ्यांनी दार लावून घेतलं होतं. एकटा हा माणूस पंचवीस वर्षं माझ्या दारात तहानलेला बसायचा, घटकाभर वाट बघायचा आणि उठून टपरीवर जायचा. मी वरून त्याला शिव्या घालायची.

मला त्यांना ती वाट बघू द्यायची होती, हे मी मनापासून सांगते. पण मग त्यांचं पोट? ते दुसरं ऑपरेशन? पाणी पाजायचं तर मला एकच गोष्ट त्यांना सांगावी लागणार होती, आणि ती मी सोडून दुसरं कुणी सांगू शकत नव्हतं.

आमच्या घरात बाप-लेकीत हा विषय कधीच निघालेला नाही. मी शाळेत असताना आई त्यांना एवढंच सांगायची, "ती आज बाजूला बसलीया," आणि आबा लगेच गोठ्याकडे निघून जायचे. मी खाली मान घातली.

"आबा, माजी पाळी जाऊन दीड वर्स झालं. एक्कावन्न सरलं मला. आता काय व्हायाचं न्हाई."

कळपातली कुठली मेंढी आता व्यायची नाही, हे लांबून सांगणारा माणूस. शेजारपाजारची माणसं मुद्दाम विचारायला यायची. माझ्या बाबतीत त्याने वर्षं मोजली नव्हती, की मोजायचीच नव्हती, कोण जाणे.

"तुज्या आईला कळलं व्हतं?"

"ती व्हती तवर चालू व्हतं."

"बरं झालं," ते म्हणाले. डोळे छताकडे होते. मग त्यांनी हाताच्या कोपरावर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला. मी पाठीमागे उशी लावली.

"मंग आन," म्हणाले.

मी नळ सोडला. मोठा ग्लास भरला, दोन चमचे पावडर टाकली, ढवळत ढवळतच पळत आणला, घट्ट व्हायला नको म्हणून. आबांनी तो दोन्ही हातांत धरला. ओठ हलले, काय बोलले ते ऐकू आलं नाही. मग ते प्याले. एका दमात, गुटी पाजलेल्या मुलासारखं तोंड वेडंवाकडं करत, सगळा ग्लास. मी दुसरा दिला. तोही प्याले. तोंड पुसलं.

"ग्वाड हाय गं तुमचं पानी," म्हणाले.

आठ दिवस मी याच्यासाठी हातापाया पडत होते. पण मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले आणि मला रडू आवरेना. ते बरे होणार म्हणून नव्हे. माझ्यासाठी कुठेतरी कुणीतरी अजून थांबलंय, हे मला कळलं आणि अर्ध्या तासाच्या आत मीच त्याला उठवून लावलं.

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आबांनी हाक मारली, "बाई, पावण्यांना बोलीव," आणि नवऱ्याने कमोडच्या खुर्चीवर बसवल्यावर बऱ्याच वेळाने आतून त्याचाच आनंदाचा आवाज आला. एखाद्याला नातू झाल्यासारखा तो बाहेर आला आणि मग माझा चेहरा बघून गप्प झाला. भावाला फोन करून कळवलं. तो म्हणाला, "बघ, दमात घेतलं की ऐकतात."

त्यानंतर आबांनी डॉक्टरांचं सगळं ऐकलं. माझ्या नळाच्या पाण्याचं ताक, पातळ आमटी, मुगाचं कढण, भिजवलेले बेदाणे त्या पाण्यासकट. चहा दोनच कप. फक्की बंद, पावडर नेहमी ग्लासात. दहाच्या दहा ग्लास पाणी ते नेमाने प्यायचे, लहान मुलाने शिक्षा भोगावी तसं. डॉक्टर खूश झाल्या, आजोबा कसे सुधारले म्हणाल्या, आणि मलाही म्हणाल्या, बघा, तुम्ही लक्ष दिलंत की झालं ना.

आता ते गावी परतलेत, काठी घेऊन चालतात. महिन्याला दाखवायला येतात तेव्हा आधी माझ्याकडे चढतात. दारात चप्पल काढता काढताच म्हणतात, "पानी आन बाई." पंचवीस वर्षं मला हेच ऐकायचं होतं. मी भरून आणते, ते पिऊन टाकतात, ग्लास रिकामा परत देतात. आणि दर वेळी तो हातात घेताना वाटतं, एकदा तरी त्यांनी नको म्हणावं.